प्रेसमध्ये अंगठा गेला, ठेकेदार ‘हिशेब चुकता’ व्हाउचरवर सही मागतोय

दांडियाबाजारकर:
मंडळी, जरा घाईचं आहे. माझा मावसभाऊ, वय २८, बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) शीटमेटलच्या एका कारखान्यात जून २०२२ पासून ठेकेदारामार्फत पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या मशीनवर होता. रोज ६०० रुपये, महिन्याला २६ हजेऱ्या. १३ सप्टेंबर २०२५ ला उजवा अंगठा मुळापासून गेला. प्रेसला हात वाचवणारा गार्ड नव्हताच. हॉस्पिटलचं पहिलं बिल ठेकेदाराने भरलं, पुढचं सगळं घरचं. ऑगस्टचा पूर्ण पगार आणि सप्टेंबरच्या १२ हजेऱ्या अजून थकल्या आहेत. पगारातून पीएफ आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापायचा, पण कार्ड कधी हातात दिलं नाही. आता म्हणतो, ६०,००० घे, ‘राजीखुशीने हिशेब चुकता’ असं लिहून दे आणि उद्यापासून येऊ नकोस. वर ‘चूक त्याचीच’ हेही आहेच. कंपनीवाले म्हणतात हा आमचा माणूसच नाही. कारखान्यात सगळे धरून चाळीसेक जण आहेत. आधी कुठे जायचं, लेबर ऑफिस, कोर्ट की पोलीस?

कागदवाला:
सही करू देऊ नका, कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही.

आता तुमचा प्रश्न. अपघाताच्या भरपाईचे रस्ते दोन: ईएसआय, नाहीतर १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा. दोन्ही एकदम मिळत नाहीत. ईएसआय कायद्याचं कलम ५३ सांगतं की विमेदार कामगाराला त्याच दुखापतीसाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. नेमके इथेच लोक फसतात. कुणीतरी वकील भरपाईचा मोठा आकडा सांगतो, दावा लेबर कोर्टात पडतो, आणि साक्षीपुरावे होत आले की मालक उठून म्हणतो, ‘याला तर ईएसआय लागू होता.’ दावा जातो आणि वर्षंही जातात.

तुमच्या भावाला ईएसआय लागू होतो. दहा किंवा जास्त माणसं आहेत आणि पगार १५,६०० म्हणजे २१,००० च्या आत आहे. ठेकेदाराने हप्ता भरला की नाही याने फरक पडत नाही. विमेदार म्हणजे ज्याच्यासाठी हप्ता देय आहे किंवा होता तो. हप्ता भरलेलाच असावा असं कायदा म्हणत नाही. भरला नसेल तर ईएसआय महामंडळ कामगाराला लाभ देतं आणि कलम ६८ खाली मालकाकडून वसूल करतं. ‘आमचा माणूस नाही’ हेही टिकत नाही, कारण ठेक्यावरच्या कामगाराचा हप्ता आधी मूळ मालकाने, म्हणजे कंपनीने, भरायचा असतो. मग तो ठेकेदाराकडून वळता करून घ्यायचा.

चुकीचं म्हणाल तर कलम ५१-बी वाचा. नियम मोडून काम केलं असलं तरी ते मालकाच्या धंद्यासाठी आणि त्यासंदर्भातच केलेलं असेल, तर ती कामावरचीच दुखापत धरतात. इथे तर गार्डच नव्हता, मोडायला नियम तरी कुठला!

एक तारीख डोक्यात ठेवा: २१ नोव्हेंबर २०२५. त्या दिवसापासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. अपघात त्याआधीचा आहे, म्हणून वर जुनीच कलमं दिली. कुणी अर्जात नवी-जुनी कलमं मिसळून लिहीत असेल तर थांबवा.

गोत्रीकर:
ईएसआयची कार्यपद्धती सांगतो, कारण कायदा कळतो आणि खिडकीपाशी अडतं.

आधी विमा क्रमांक आहे का ते शोधा. आधार आणि मोबाईल क्रमांक घेऊन शाखा कार्यालयात गेलात तर नोंद निघते. अपघाताचा अहवाल, फॉर्म १२, मालकाने भरायचा असतो. तो टाळाटाळ करत असेल तर शाखा व्यवस्थापकाच्या नावाने कामगारानेच लेखी अर्ज द्यावा: तारीख, वेळ, मशीन, सुपरवायझरचं नाव, बघणाऱ्या दोघांची नावं. अर्ज गुजरातीत द्या, टेबलावरचा माणूस जागीच वाचतो. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का मारून घ्या. शिक्का नसला तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

कामावर जाता येत नाही तेवढ्या काळासाठी तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ रोजच्या सरासरी पगाराच्या ९० टक्के असतो. ६०० चे ५४० रुपये रोज. याला आधी अमुक महिने हप्ते भरलेले असण्याची अट नाही. कामाला लागल्याच्या पहिल्या दिवशी बोट गेलं तरी मिळतो. अडचण वेगळीच आहे: हा लाभ फक्त ईएसआयच्या डॉक्टरने दाखल्यात लिहिलेल्या दिवसांचा मिळतो. तुमचा भाऊ इतके महिने खासगीत ड्रेसिंग करत होता. तेव्हा त्या डॉक्टरचे सगळे कागद, ऑपरेशन नोट, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड घेऊन ईएसआयच्या डॉक्टरला दाखवा आणि मागच्या काळासाठी हा पर्यायी पुरावा ग्राह्य धरा, असा अर्ज द्या. आजपासून पुढचे दाखले मात्र ईएसआयच्याच डॉक्टरचे घ्या.

जखम भरली की मेडिकल बोर्ड. अंगठा पूर्ण गेला तर कायद्याच्या परिशिष्टात कमाईक्षमतेचं नुकसान ३० टक्के धरलंय. ५४० चे ३० टक्के म्हणजे १६२ रुपये रोज, महिन्याला ४,८६० च्या आसपास, तहहयात. आकडा लहान दिसतो म्हणून लोक नाक मुरडतात. २८ वर्षांच्या मुलासाठी हिशेब करून बघा. बाकीची बोटं आखडली असतील, पकड गेली असेल, तर ते बोर्डासमोर सांगायचं, नुसता अंगठा दाखवून परत यायचं नाही.

दांडियाबाजारकर:
काका, दोन नव्या भानगडी. शाखेत गेलो तर नोंद निघाली, पण नोकरीला लागल्याची तारीख १६ सप्टेंबर २०२५ दाखवतेय! अपघातानंतर तीन दिवसांनी. आणि हॉस्पिटलच्या पहिल्या केस पेपरवर ‘घरी दरवाजात अंगठा सापडला’ असं लिहिलंय. भाऊ गुंगीत होता, ठेकेदाराच्या माणसाने तसं सांगितलं.

कागदवाला:
दोन्ही जुन्या युक्त्या. पहिलीवर उत्तर म्हणजे १३ सप्टेंबरच्या आधीचा कामाचा पुरावा. ईएसआय कापलेली पगाराची स्लिप असेल तर सगळ्यात भक्कम, कारण जो ‘१६ ला लागला’ त्याचा हप्ता जुलैत कसा कापला? स्लिप नसेल तर बँकेच्या पासबुकात ठेकेदाराकडून दरमहा आलेली रक्कम, गेटपास, हजेरी कार्डाचा फोटो, सुपरवायझरचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे ‘उद्या सेकंड शिफ्ट’ छापाचे मेसेज. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. हे सगळं जोडून शाखेत लिहून मागा की सामाजिक सुरक्षा अधिकाऱ्याकडून चौकशी करा.

केस पेपरचं जरा नाजूक आहे. हॉस्पिटलकडे पूर्ण इनडोअर (दाखल असतानाचं) रेकॉर्ड लेखी मागा. मागितल्यापासून ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. त्यात नर्सिंग नोट आणि ऑपरेशन नोट बघा. प्रेसखाली चेपलेली जखम आणि दरवाजात सापडलेली जखम यांचं वर्णन सहसा वेगळं येतं: हाड चुरलेलं, कातडी सोललेली, तेल किंवा पत्र्याचे कण. पहिल्या ओळीत काहीही लिहिलेलं असो, सर्जनची नोट बोलते. पोलिसात वर्दी गेली होती का तेही विचारा. बिल ठेकेदाराने भरलं ना? त्याची पावती काढा. घरच्या दरवाजात सापडलेल्या अंगठ्याचं बिल ठेकेदार कशाला भरेल?

शिवाय ४८ तास किंवा जास्त काळ कामगार कामावर येऊ शकला नाही तर कारखान्याने औद्योगिक सुरक्षा खात्याला कळवायचं असतं. कळवलं नसणार. त्या खात्याला एक पत्र टाका, त्यात गार्ड नव्हता हे ठळक लिहा.

सुरसागर_काठी:
थकलेला पगार वेगळ्या फायलीत ठेवा. ईएसआयच्या अर्जात घुसडू नका, ते कार्यालय पगाराचं बघत नाही.

२६ अधिक १२, म्हणजे ३८ हजेऱ्या, २२,८०० रुपये. आधी ठेकेदार आणि कंपनी, दोघांच्या नावाने पोचपावतीसह स्पीड पोस्टाने मागणीपत्र. मग लेबर ऑफिसात दावा, त्यातही दोघं प्रतिवादी. ठेकेदाराने पगार दिला नाही तर मूळ कंपनीने द्यायचा, हे जुन्या कायद्यातही होतं, नव्या वेतन संहितेतही आहे. मुदत नव्या संहितेत तीन वर्षं आणि जुन्या पगारवाटप कायद्यात बारा महिने. तेव्हा ऑगस्टचा पगार थकल्यापासून बारा महिन्यांच्या आतच टाका, म्हणजे मुदतीवर वाद घालायला जागाच नको. रोजी किमान वेतनाच्या दरापेक्षा कमी होती का तेही त्या महिन्यांच्या दरपत्रकाशी ताडून बघा, फरक याच दाव्यात मागता येतो.

पीएफसाठी यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक) काढून पासबुक बघा. कापलंय आणि भरलं नाही, तर स्लिप जोडून ईपीएफओच्या (पीएफ कार्यालयाच्या) तक्रार पोर्टलवर तक्रार टाका.

ग्रॅच्युइटीबद्दल कुणी बोलत नाही म्हणून सांगतो. पाच वर्षांची अट मृत्यू आणि अपंगत्वाला लागू नाही. आणि इथे अपंगत्व म्हणजे अपघाताआधी जे काम करत होता ते आता करता न येणं. अंगठ्याशिवाय प्रेस चालवणार कसा? त्या कारणाने नोकरी संपली तर तीन वर्षं गुणिले १५ दिवस गुणिले ६००, म्हणजे २७,०००. राजीखुशीने सोडली असं लिहून दिलं तर पाच वर्षांची अट आड येते. ठेकेदाराच्या व्हाउचरवर ‘राजीखुशीने’ हा शब्द कशासाठी आहे ते आता कळलं असेल.

आणि ‘येऊ नकोस’ हे तोंडी ऐकून घरी बसू नका. तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असताना कामावरून काढता येत नाही. काढलंच तर समेट अधिकाऱ्याकडे वाद नेण्याची मुदत आता दोन वर्षं आहे.

फतेगंजचा:
मध्येच विचारतो, आठ माणसांचं वर्कशॉप असेल आणि ईएसआय नसेल तर?

कागदवाला:
मग १९२३ चा कायदा, अपघात २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीचा असेल तर. गुजरातेत हे दावे लेबर कोर्टाचे न्यायाधीश आयुक्त म्हणून चालवतात, मुदत दोन वर्षं. गणित असं: पगार १५,६०० असला तरी कमाल १५,००० धरतात. त्याचे ६० टक्के ९,०००. वय २८ चा गुणक २११.७९. गुणाकार १९,०६,११०, त्याचे ३० टक्के ५,७१,८३३. औषधपाण्याचा खर्च वेगळा. महिनाभरात दिलं नाही तर १२ टक्के व्याज, शिवाय कारण पटलं नाही तर निम्म्यापर्यंत दंड.

टक्के परिशिष्टावरच अडकत नाहीत. प्रताप नारायण सिंह देव खटल्यात, १९७५ मध्ये, डावा हात कोपराच्या वर गेलेल्या सुताराला सुप्रीम कोर्टाने पूर्ण अपंग धरलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही.

आणि मालकाशी आपसात रक्कम ठरवली तर तो करार आयुक्ताकडे नोंदवावा लागतो. नोंदवला नाही तर मालक पूर्ण रकमेला बांधील राहतो, आणि दिलेल्यातली निम्म्याहून जास्त रक्कम आयुक्तांनी सांगितल्याशिवाय वळती करू शकत नाही.

गोत्रीकर:
वकिलाचं राहिलं. टक्केवारीवर दावा घेणाऱ्याकडे जाऊ नका. औद्योगिक कामगाराला उत्पन्न कितीही असलं तरी फुकट वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्यात आहे. दिवाळीपुऱ्यात जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्या, किंवा १५१०० वर फोन.

दांडियाबाजारकर:
सगळ्यांचे आभार. शेवटचं एकच. दिवाळीत ठेकेदाराने १०,००० रोख दिले होते, सही घेतली होती. ते कापेल का?

सुरसागर_काठी:
ईएसआयचे पैसे महामंडळ थेट बँकेत टाकतं, त्याला हात लावता येत नाही. पगाराच्या दाव्यात मात्र तो ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणून दाखवायला बघेल. सही केली त्या कागदावर काय लिहिलं होतं? ‘बोनस’ असेल तर तो पगारात वळता होत नाही. ‘पगारापोटी’ असेल तर २२,८०० मधून १०,००० वजा करूनच मागणी लिहा, उगाच पूर्ण आकडा लिहून पहिल्याच तारखेला खोटे ठरू नका. कागदाची प्रत नसेल तर मागणीपत्रातच ती मागा.