मदत हवी आहे: ४६ जणांच्या विभागात घरून कामाचा प्रयोग कसा मोजावा?

पुण्यातल्या आमच्या कंपनीत ग्राहक-मदत विभागात ४६ जण आहेत. आठवड्यातून दोन दिवस घरून काम द्यावं का, याचे आकडे साहेबांना तीन महिन्यांत हवेत.

अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांचा घरून कामावरचा २०२४ चा अभ्यास वाचला. चीनमधल्या १,६१२ जणांवरच्या त्या प्रयोगात नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं, कामगिरी होती तशीच राहिली. उलट चेन्नईतल्या प्रयोगात पूर्णवेळ घरून डेटा एन्ट्री करणाऱ्यांची उत्पादकता १८ टक्के कमी भरली. मला चेन्नई जास्त जवळची वाटते. अपुरी जागा, मधेच जाणारी वीज, हे आमच्याकडेही आहेच.

सर्वेक्षण घेतलं, सगळ्यांनी ‘घरूनच बरं’ लिहिलं. सोडवलेल्या तक्रारी मोजल्या, पण रात्रपाळीला तक्रारी मुळातच कमी येतात. जन्मतारीख सम की विषम, यावरून गट पाडायची परवानगी मिळाली आहे. स्क्रीनवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर मात्र वापरायचं नाही, ते मलाच पटत नाही.

एवढ्या लहान गटात राजीनामे एक-दोनच असतील, त्यावरून काही ठरणार नाही. मग पाळीचा फरक वगळून नेमकं काय मोजू? आणि सहा आठवड्यांनी गटांची अदलाबदल केली तर निकाल भरवशाचा राहील का?