इम्पॅक्ट गन, एअर ग्राइंडरमध्ये कुठलं तेल घालता? सल्ला हवाय

गाळा_नंबर_९
नमस्कार मंडळी. भांडुपला गाळा आहे, फॅब्रिकेशन आणि जोडीला थोडं गाड्यांचं काम. अर्ध्या इंचाची इम्पॅक्ट गन (नट-बोल्ट सोडवायची), एक डाय ग्राइंडर, एक रॅचेट, सगळं हवेवर चालणारं, एकाच कॉम्प्रेसरवर, मधूनमधून त्याच लायनीवर स्प्रे गनपण लागते. पोरं टूलमध्ये हाताला लागेल ते तेल घालतात, कधी इंजिन ऑइल, कधी शिलाई मशीनचं, कधी गंज सोडवायचा स्प्रे. पाऊस सुरू झाल्यापासून सकाळी गनचा ट्रिगर दाबला की नुसती हवा सुटते, गन फिरत नाही, जरा ठोकून परत दाबली की चालू. एक दुकानदार म्हणतो ३२ नंबर घ्या, दुसरा म्हणतो १०० घ्या. शनिवारी नागदेवीच्या टूल बाजारात जायचंच आहे, तेव्हा नक्की काय मागायचं ते सांगा.

स्पॅनर_दादा
३२ घ्या. डब्यावर एअर टूल ऑइल आणि आयएसओ व्हीजी ३२ असं लिहिलेलं बघून घ्या. तो नंबर म्हणजे ४० डिग्रीला तेल किती घट्ट त्याचं माप. १०० बहुतेक पिस्टन कॉम्प्रेसरच्या क्रँककेसमध्ये जातं, ते तुमच्या ग्राइंडरला फार जाड होईल. रॉक ड्रिलसारखी मोठी टूल्स असतील तर त्यांना १०० लागतं, पण तुमच्याकडे ती नाहीत.

जुना_फिटर
गाळा भाऊ, तुमची गन नीट आहे, तिच्या पात्या चिकटल्यात. मोटर उघडून बघा, रोटरला खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत एक पातळ पाती सैल बसलेली असते, रोटर फिरला की ती बाहेर फेकली जाऊन सिलिंडरच्या भिंतीला टेकते आणि त्याच्यामुळेच हवेला ढकलायला जागा मिळते. पाती खाचेत अडकली की हवा तशीच निघून जाते, ठोकल्यावर एखादी पाती सुटते म्हणून परत चालते. ही पाती अडकते इंजिन ऑइलमुळे. त्यात डिटर्जंट असतं, काजळी आणि कचरा तेलातच धरून ठेवायचा म्हणून, इंजिनात ते बरोबर आहे कारण तिथं तेल बदलतो आणि फिल्टर असतो, पण इथं हवेबरोबर आलेलं पाणी त्यात मिसळलं की पांढरट चिकट गाळ होतो आणि खाचा भरतात. गंज सोडवायच्या स्प्रेचं बरंचसं उडून जातं, मागं राहतं ते पुरत नाही, उलट आधीचं तेल धुऊन नेतो. शिलाई मशीनचं तेल अडीअडचणीला ठीक, पण पातळ असतं, लवकर बाहेर फेकलं जातं.

आता साफ करायचं. पाइप काढा, हवा आत जाते त्या तोंडातून थोडं रॉकेल किंवा एअर टूल क्लीनर सोडा, ट्रिगर दाबून धरून हाताने स्पिंडल फिरवा, थोडा वेळ राहू द्या. मग एक्झॉस्टवर फडकं गुंडाळून कमी प्रेशरवर चालवा, काळं पाणी निघेल. डोळ्याला गॉगल लावा आणि वेल्डिंग चालू असेल तिथं हे अजिबात करू नका, ती वाफ पेट घेते. लगेच तेलाचे थेंब घालून परत चालवा, सुकं ठेवून दिलंत तर दुसऱ्या दिवशी आत गंज आलेला दिसेल.

चाळीतला_मेकॅनिक
वरचं सगळं बरोबर, पण मुंबईत पावसाळ्यात आधी पाण्याचं बघा, तेलाचं नंतर. ७ बारला हवा साधारण आठपट दाबली जाते, आपल्या जुलैच्या हवेत आधीच एवढी वाफ असते की टाकीत ती थंड झाली की पाणी होऊन साचतंच. रोज संध्याकाळी टाकीखालचा ड्रेन कॉक उघडून पाणी सोडा, थोडं प्रेशर असतानाच, म्हणजे गंजाचा लाल चिखलपण निघतो. आणि मेन लायनीवरून फाटा काढताना तो पाइपच्या वरच्या बाजूने काढून मग खाली वळवा, खालून काढला की सगळं पाणी सरळ टूलमध्ये.

गाळा_नंबर_९
खूप खूप आभार. दोन गोष्टी राहिल्या. थेंब किती आणि कधी? आणि शेजारच्या गाळ्यात हायड्रॉलिक प्रेससाठी सर्वो सिस्टम ३२ हे हायड्रॉलिक तेल असतं, ते चालेल का?

स्पॅनर_दादा
काम सुरू करायच्या आधी टूलच्या हवेच्या तोंडात चार-पाच थेंब, संध्याकाळी ठेवताना परत तेवढेच घालून दोन सेकंद चालवायचं म्हणजे आत सगळीकडे पसरतं. ग्राइंडर दिवसभर चालत असेल तर मध्ये जेवणाच्या सुट्टीतपण घाला, तो सगळ्यात जास्त तेल खातो. सर्वो सिस्टम ३२ किंवा एचपीचं एन्क्लो ३२ अडलं तर चालतं, डिटर्जंट नसतं आणि जाडी तीच. फरक इतकाच की एअर टूलचं तेल ओलसर हवेतही धातूला धरून राहायला बनवलेलं असतं. पावसाळ्यात तरी मी एअर टूलचंच तेल घालेन, एका टूलला लागतंच किती.

जुना_फिटर
आणि ती स्प्रे गन त्या लायनीवरून आधी काढा. पाइपात एकदा तेल गेलं की तो पाइप रंगाला कायमचा बाद, रंगात बारीक खड्डे पडतात आणि कितीही घासलं तरी तिथं रंग धरत नाही. फिल्टर आणि रेग्युलेटरनंतर लगेच एक टी (तीन तोंडांचा जोड) टाकून रंगाची लायन वेगळी घ्या, लुब्रिकेटर, म्हणजे हवेत तेलाचे थेंब सोडणारी वाटी, त्याच्या पुढे फक्त टूलच्या लायनीवर बसवा. टूलपासून जितका जवळ तितकं बरं, लांब पाइपात तेल भिंतीला चिकटून राहतं. प्रेशर टूलपाशी, ट्रिगर दाबलेला असताना ९० पीएसआय.

लुब्रिकेटरचे थेंब सेट करायला मिनिटाला एक-दोनपासून सुरुवात करा. मग एक्झॉस्टसमोर पांढरा पुठ्ठा धरा, मिनिटभरात हलकी तेलकट झाक आली की बरोबर, ठिपके ओघळायला लागले तर कमी करा, जास्तीच्या तेलाचा धूर तुमच्याच पोरांच्या नाकात जातो. लुब्रिकेटरची वाटी पारदर्शक प्लास्टिकची असेल तर थिनरने धुऊ नका, तडे जातात आणि प्रेशरखाली फुटते. साबणाच्या पाण्याने धुवा.

चाळीतला_मेकॅनिक
एक राहिलं. गनच्या पुढच्या हॅमरपर्यंत (आत ठोके मारणारा भाग) हवेतून गेलेलं तेल नीट पोचत नाही, तो भाग वेगळा असतो. काही गनमध्ये तिथं ग्रीस लागतं, काहींत तेल, मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. पुढच्या केसवर छोटा स्क्रू किंवा ग्रीस निपल आहे का बघा, आणि गन उघडणारच आहात तर त्याच दिवशी तेही करून टाका.

गाळा_नंबर_९
निपल आहे, आत्ताच बघितलं, त्यावर रंग चढलाय. शनिवारी ३२ नंबर, लुब्रिकेटर, टी आणि रंगासाठी नवीन पाइप घेऊन येतो.