मिरचीचं संशोधन कोल्हापूरच्या कटाला लागू पडतं का?

पंचगंगाकाठ
चटणीचा हंगाम आला की ‘तिखट खाणारे जास्त जगतात’ हे वाक्य फिरायला लागतं. त्यामागचा अभ्यास खरा आहे. २०१५ साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आला, चीनमधल्या सुमारे ४ लाख ८७ हजार लोकांचा. आठवड्यातून ६-७ दिवस तिखट खाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण, क्वचित खाणाऱ्यांपेक्षा १४ टक्क्यांनी कमी. पण ही नुसती पाहणी आहे, तिखटामुळंच ते जगले असं त्यातून निघत नाही. शिवाय आपल्याकडं ताटात मिरची एकटी येत नाही. कटात, म्हणजे आपल्या झणझणीत रश्श्यात, वर बोटभर तेलाची तर्री असते, खाली मीठ. त्याला हे १४ टक्के चिकटवू नका.

जवारी तिखट
मग दोष तेला-मिठाला द्या की! अल्सर म्हटलं की घरात पहिली चटणी बंद होते. अल्सरची मुख्य कारणं दोन: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आणि काही वेदनाशामक गोळ्या. जंतू शोधणाऱ्या मार्शल-वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. उलट इटलीतली २००२ ची चाचणी बघा. अपचनाचे ३० रुग्ण, त्यातल्या काहींना जेवणाआधी कॅप्सूलमधून रोज २.५ ग्रॅम लाल तिखट, पाच आठवडे. त्यांच्या तक्रारी सुमारे ६० टक्क्यांनी उतरल्या, तिखट नसलेल्या कॅप्सूलवाल्यांच्या ३० टक्क्यांच्या आत. मिरचीला तिखटपणा देणारं कॅप्सेसिन ज्या मज्जातंतूंना झोंबतं ते वारंवारच्या माऱ्यानं बधिर होतात, म्हणून.

पंचगंगाकाठ
२.५ ग्रॅम म्हणजे दिवसाला एक सपाट चहाचा चमचा, तोही मिठाशिवाय. किलोभर मिरचीला पाव किलो मीठ घातलं आणि कांदा-लसूण, खोबरं धरून चटणी सव्वादोन किलो भरली, तर १५ ग्रॅमच्या मोठ्या चमच्यात दीड ग्रॅमहून जास्त मीठ येतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराला ५ ग्रॅम सांगते.

डंकावरची चटणी
दोघांनीही बुरशीचं नाव काढलं नाही, आणि माझ्या मते खरा धोका तिथंच आहे. मिरची नीट वाळली नाही की आत बुरशी धरते, अफ्लाटॉक्सिन नावाचं तिचं विष तयार होतं. ते यकृताला घातक, आणि भाजून-तळून जात नाही. बाहेरून मिरची लालभडक दिसते, म्हणून दर ढिगातल्या आठ-दहा उभ्या फोडून बघा. बियांभोवती करडी-काळसर भुकटी दिसली किंवा कोंदट वास आला तर ती पाटी घेऊच नका. गच्चीवर वाळवताना दिवस मावळायच्या आत गोळा करा, दवात दिवसभराचं ऊन वाया जातं. वाळलेली मिरची हलवली की बिया खुळखुळतात, वाकवली की कटकन मोडते. मिरची कुटतात त्या डंकावरून चटणी गरम येते, तशीच बरणीत भरली तर झाकणाला पाणी सुटतं आणि वरचा थर गुठळतो. कागदावर पसरून पूर्ण गार होऊ द्या. रंगासाठी ब्याडगी वाढवली की झणका देणारी मिरची कमी लागते.

जवारी तिखट
बुरशीचं शंभर टक्के मान्य. पण कटाला सरसकट नाही म्हणू नका. कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाही. पळीनं वरची तर्री काढली की तेल आणि झणका दोन्ही उतरतात.

पंचगंगाकाठ
आणि मीठ खालच्या रश्श्यातच राहतं. मीठ तेलात विरघळत नाही.