लेमिंग्ज: तोच नकाशा पुन्हा आला तर बिघडलं कुठे?

देवगडकर: पावसाने चार दिवस घरात कोंडलंय, म्हणून 'लेमिंग्ज' (१९९१) आणि 'लेमिंग्ज २' (१९९३) हे कॉम्प्युटर गेम पाठोपाठ खेळलो. यात आपणहून चालत सुटणाऱ्या छोट्या लेमिंग्जना कामं नेमून देत बाहेरच्या दारापर्यंत सुखरूप न्यायचं. पहिल्याबद्दल नेहमीची तक्रार अशी, की म्हणायला १२० लेव्हल, पण सुरुवातीच्या 'फन' गटातले बरेच नकाशे पुढे तसेच परत येतात. मला तर तेच आवडतं. आधी हात सढळ असतो, कसेही पूल टाका, चालतं. तोच नकाशा पुढे येतो तेव्हा पूल मोजके. एक बिल्डर, म्हणजे पूल बांधणारा लेमिंग, बारा विटा लावतो, खांदे उडवतो आणि सरळ चालत सुटतो. तेरावी वीट कुठून आणणार? मग पहिल्या वेळी ज्या भिंतीकडे बघितलंही नव्हतं, ती नीट दिसायला लागते. दुसऱ्या भागात १२ जमाती, प्रत्येकीच्या १० लेव्हल, सगळे नकाशे नवे. त्यातला एकही माझ्या डोक्यात राहिला नाही.

वेंगुर्ल्याची: दादा, माका तां पटूक नाय. नकाशा तोच ठेवून आकडे कमी केले, याला रचना म्हणायचं? आमच्या क्लासमध्ये एकच कॉम्प्युटर, पाळी वीस मिनिटांची, त्यात लाइट जायची. पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचो. एवढं करून पुढे जावं आणि समोर ओळखीचाच खड्डा! दुसऱ्या भागात जमात बदलली की सगळंच बदलतं. पन्नासहून जास्त कौशल्यं आहेत, ती आधी करून बघायला सरावाची वेगळी जागाही आहे.

देवगडकर: ताई, पण पुनरावृत्ती दुसऱ्या भागातही आहेच. प्रत्येक जमातीत ६० लेमिंग्ज निघतात, वाचतील तेवढेच पुढच्या लेव्हलला जातात. आठवीपर्यंत नऊच उरले, की मागे जाऊन जुनंच खेळायचं. पहिल्यात नकाशा परत येतो तेव्हा प्रश्न नवा असतो. इथे प्रश्न तोच, फक्त डोकी वाढवायची.

गुहागरवासी: हे नाही पटलं. मागे कुठे जायचं ते मी ठरवतो. मी तिसरीवर परत गेलो, कारण तिथे घाईत सातजण पाण्यात घालवले होते, हे मला आठवत होतं. आपली चूक निस्तरायला जाण्यात कंटाळा येत नाही. पहिल्यात मात्र बनवणाऱ्याने ठरवलं म्हणून परत जावं लागतं.

वेंगुर्ल्याची: अगदी हेच म्हणायचं होतं. तरी दादांची ती भिंत मनात राहिलीय. आज रात्री लाइट टिकली तर पहिला भाग काढते, फनपासून.