एअरसॉफ्टसाठी पूर्ण चेहरा झाकणारा, चष्म्यावर बसणारा आणि वाफ न धरणारा मास्क : सल्ला हवा

गोडोलीकर (सातारा)

नमस्कार.

सातारा आणि कोरेगाव भागातले आम्ही दहा जण गेली दोन वर्षे रविवारी सकाळी एअरसॉफ्ट, म्हणजे नकली बंदुकांतून प्लास्टिकचे बारीक छर्रे मारून खेळायचा लुटुपुटुच्या लढाईचा खेळ, खेळतो. आमचे मैदान म्हणजे एका मित्राचे ऊस तुटून गेलेले रान आणि त्याच्या बांधाला लागून असलेले बंद पडलेले गुऱ्हाळघर. चुलवाणाच्या भिंती, खांब आणि पाचटाचे ढीग यांच्या आड दबा धरायला भरपूर जागा आहे, त्यामुळे अंतरे फार कमी राहतात आणि छर्रा अनेकदा दहा-पंधरा पावलांवरून येतो.

दोन आठवड्यांपूर्वी आमच्यातल्या एकाच्या गॉगलवर आतून इतकी वाफ धरली की त्याला समोरची भिंतही दिसेना. त्याने खेळ चालू असतानाच अंगठ्याने गॉगल कपाळाकडे सरकवला आणि त्याच क्षणी भुवईच्या हाडावर छर्रा बसला. हरभऱ्याएवढे टेंगूळ आठवडाभर राहिले. अर्धा इंच खाली बसला असता तर काय झाले असते, हे तिथे कोणाला सांगावे लागले नाही. प्रत्येकाकडे पूर्ण चेहऱ्याचा योग्य मास्क आल्याशिवाय पुन्हा खेळायचे नाही, असे आम्ही त्याच दिवशी ठरवले.

मला स्वतःला साडेचार नंबरचा चष्मा आहे. दीड तास सलग घालता येईल, चष्म्याच्या काड्या कानशिलात रुतणार नाहीत आणि श्रावणातल्या दमट हवेतही समोरचे दिसेल, असा मास्क मला हवा आहे. सहा-सात हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे. जाळीचा मास्क वाफ धरत नाही म्हणून काही जण तोच घ्या म्हणतात, तर काही जण घरातले मोटारसायकलचे हेल्मेट पुरेसे आहे असे सांगतात. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

कृष्णाकाठ (कराड)

आपण खेळ थांबवलात हे फार चांगले केलेत. आपल्या मित्राच्या गॉगलची काच फुटली नव्हती. तो गॉगल सोसवेना म्हणून वर गेला आणि इजा झाली. माझ्या माहितीतल्या बहुतेक दुखापती अशाच झाल्या आहेत, म्हणून मास्क निवडताना मी आरामाला चैनीच्या यादीत टाकत नाही. मात्र काच छर्रा अडवते की नाही याची खात्री आधी करावी आणि ती झाल्यावरच आरामाचा विचार सुरू करावा.

आपण वापरतो तो ६ मिलिमीटरचा, ०.२० ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटला तर त्याची ऊर्जा १ ज्यूल भरते. आता काचेवर कोरलेली अक्षरे वाचा. युरोपच्या ईएन १६६ मानकात 'एफ' अक्षराचा अर्थ असा की ०.८६ ग्रॅमची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने आदळूनही काच टिकली. त्या आघाताची ऊर्जा ०.८७ ज्यूल, म्हणजे आपल्या छर्र्याहून कमी आहे. 'बी' अक्षर असेल तर तीच गोळी १२० मीटर वेगाने सोडलेली असते आणि आघात सहा ज्यूलच्या वर जातो. आपल्याला हेच अक्षर हवे. अमेरिकी झेड८७ मानकात आकड्यानंतर अधिकचे चिन्ह (झेड८७+) असेल तरच ती काच वेगवान आघाताच्या चाचणीतून गेली आहे असे समजावे. हार्डवेअरच्या दुकानातल्या पुष्कळ गॉगलांवर यातले काहीही नसते.

पेंटबॉल हा रंग भरलेल्या गोळ्या मारून खेळायचा असाच खेळ. त्याचे मास्क एएसटीएम एफ१७७६ या अमेरिकी मानकाप्रमाणे तपासतात. पेंटबॉलची गोळी सुमारे ३ ग्रॅमची असते आणि सेकंदाला ९० मीटरच्या आसपास सुटते, म्हणजे तिचा दणका बारा ज्यूलच्या घरात जातो. त्यामुळे चांगल्या पेंटबॉल मास्कची काच आपल्या खेळाला पुरून उरते आणि दुहेरी काचेचे मास्क मिळतातही याच प्रकारात. यात एक खोट मात्र आहे, जी मला स्वतःला ओठ फुटल्यावर कळली. पेंटबॉलची गोळी १७ मिलिमीटरची असल्याने काही मास्कांच्या तोंडापुढच्या फटी रुंद ठेवलेल्या असतात आणि त्यांतून आपला छर्रा सरळ आत येतो. दुकानात जाताना खिशात एक छर्रा ठेवा आणि तोंड, नाक, कान यांच्यापुढची प्रत्येक फट त्याने दाबून पाहा. एकीतूनही तो आत घरंगळला तर दातांच्या दृष्टीने तो मास्क निरुपयोगी आहे, किंवा आतून बारीक जाळी बसवून घ्यावी लागेल.

मोटारसायकलच्या हेल्मेटचा विचार सोडून द्यावा. त्यावरचा आयएस ४१५१ हा भारतीय मानकाचा शिक्का रस्त्यावर डोके आपटण्यापासून बचावाचा आहे. त्याची पुढची काच जवळून आलेल्या छर्र्यासाठी तपासलेली नसते, हनुवटीखालची बाजू उघडी राहते, आणि धावताना आतली हवा कोंडून काच आणखी लवकर धुरकटते.

जाळीबद्दल माझे मत कडक आहे. आपल्या गुऱ्हाळघराच्या दगडी भिंतीवर आपटून स्वस्तातला छर्रा फुटतो आणि त्याचे कण जाळीच्या भोकांतून आत येतात. गालांसाठी आणि तोंडासाठी जाळी उत्तम आहे, कारण श्वास मोकळा राहतो. डोळ्यांपुढे मात्र ती नको.

दृष्टी_मिरज

कृष्णाकाठ यांच्या शेवटच्या मुद्द्याला माझा पूर्ण दुजोरा आहे. मी मिरजेत डोळे तपासणीचे आणि चष्म्याचे काम करतो. जाळीचा गॉगल घालून खेळलेला एक तरुण 'डोळ्यात कचरा गेला' म्हणून आला होता. वरची पापणी उलटली तेव्हा तिच्या आतल्या बाजूला नखाच्या कडेएवढी पांढरी कपची चिकटलेली दिसली आणि प्रत्येक उघडझापीबरोबर तिने बुबुळावर उभे ओरखडे काढले होते. ती ओल्या कापसाच्या काडीने निघाली आणि डोळा बरा झाला. अख्खा छर्रा लागला असता तर डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात रक्त उतरणे, नैसर्गिक भिंग सरकणे, पडद्याला चीर जाणे इथपर्यंत मजल जाते, आणि अशा मारानंतर काही वर्षांनीही काचबिंदू होऊ शकतो. म्हणून डोळ्याला मार लागला आणि दिसायला सगळे ठीक वाटले तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडून बाहुली मोठी करून तपासणी करून घ्यावी.

आता आपल्या चष्म्याकडे वळतो. श्वासातली आणि घामातली उबदार वाफ थंड पृष्ठभागावर बसली की त्याचे पाणी होते. दुहेरी काचेत मधल्या हवेच्या थरामुळे आतली काच बरीच उबदार राहते, म्हणून तिच्यावर वाफ उशिरा धरते. परंतु चष्मा घालणाऱ्याच्या बाबतीत मास्कच्या आत चष्म्याच्या स्वतंत्र काचा असतात आणि दुहेरी काच त्यांना वाचवू शकत नाही. आपल्यासाठी हवा खेळती राहणे जास्त महत्त्वाचे आहे. नाकाचा श्वास खाली सोडणारा, कपाळापाशी हवेला वाट असलेला मास्क घ्या आणि शक्य असल्यास वर बसवायचा छोटा बॅटरीचा पंखाही घ्या. चष्म्याची चौकट अरुंद आणि काड्या पातळ व सरळ असाव्यात. खेळासाठी पॉलिकार्बोनेटच्या (सहसा न फुटणाऱ्या कणखर प्लास्टिकच्या) काचांचा वेगळा चष्मा करून ठेवणे मला सर्वांत योग्य वाटते, कारण मास्कच्या आत साधी काच तडकणे हा दुसराच धोका आहे.

काचेच्या आतल्या बाजूला वाफरोधक थर असेल तर ओला असताना तो रुमालाने कधीही पुसू नये. तो मऊ पडलेला असतो आणि खरवडून निघतो. वाळू द्यावा. थर नसलेल्या चष्म्यावर भांडी धुण्याच्या पातळ साबणाचा एक थेंब बोटाने पसरून मऊ फडक्याने कोरडा केला तर तास-दीड तास चांगला निभाव लागतो.

विश्रामबागेतील खेळाडू (सांगली)

वरच्या दोन्ही उत्तरांत चेहऱ्याच्या ठेवणीचा मुद्दा राहिला आहे, आणि मास्क सोसवतो की नाही हे बहुतांशी त्यावरच ठरते. माझा चेहरा अरुंद आहे. पहिला मास्क नावाजलेला होता, तरी गालफडांपाशी पोकळी राहायची आणि ती भरायला पट्टा आवळला की वीस मिनिटांत कपाळ ठणकू लागायचे. दुखणे नेमके भुवयांच्या मधोमध आणि कानशिलांवर येते. फोम दोन थरांचा असावा, म्हणजे आत घट्ट थर आणि कातडीला लागणारा मऊ थर. एकाच थराचा स्वस्त फोम दोन महिन्यांत पापडासारखा चपटा होतो आणि मग प्लास्टिकची कड हाडाला लागते.

कुठे फट राहते ते पाहायची एक सोपी रीत आहे. अंधाऱ्या खोलीत मास्क घालावा आणि घरातल्या कोणाला तरी मोबाईलचा दिवा कडेकडेने फिरवायला सांगावे. जिथून उजेड आत येतो तिथून कणही येणार. चष्म्याच्या काड्यांपाशी थोडा उजेड येतोच, परंतु तो रेघेएवढा असावा.

हलके हेल्मेट घालणार असाल तर मास्क आधी आणि हेल्मेट नंतर, असा क्रम ठेवा आणि पट्ट्याच्या रेषेतल्या हेल्मेटच्या गाद्या काढा, नाहीतर पट्ट्याचा कडक भाग कवटीत रुततो. माझी वेणी असल्यामुळे मी पट्टा वेणीच्या वरून घेते आणि हनुवटीचा जादा पट्टा लावते. धावताना मास्क तसूभरही हलत नाही.

फोम दर खेळानंतर कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवावा. सांगलीच्या पावसाळ्यात मी एकदा ओला मास्क पिशवीत तसाच ठेवला आणि चौथ्या दिवशी फोमवर काळी बुरशी धरली.

गोडोलीकर (सातारा)

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. आपण सांगितलेल्या कसोट्या घेऊन मी दोन मास्क मित्रांकडून मागून आणले आणि दोन्ही घालून घरच्या तीन मजल्यांचा जिना दहा-दहा वेळा चढलो-उतरलो.

पहिला डाय कंपनीचा आय ४ होता. तो चेहऱ्याच्या अगदी जवळ बसतो, त्यामुळे बंदुकीचा दस्ता गालाला नीट टेकतो आणि नेम साधतो. परंतु त्यात माझ्या चष्म्याला जागाच नाही, चौकट काचेला टेकते. दुसरा एक मोठ्या पोटाचा, दुहेरी काचेचा मास्क होता. त्यात चष्मा सहज मावला, आठव्या फेरीपर्यंत मास्कची काच स्वच्छ राहिली, पण चष्म्याच्या काचा खालच्या कडेने धूसर झाल्या, अगदी मिरजेच्या दादांनी सांगितले तशाच. साबणाचा थेंब लावून पुन्हा दहा फेऱ्या केल्या आणि त्या वेळी शेवटपर्यंत दिसत राहिले. छर्र्याची परीक्षाही घेतली. तोंडापुढच्या दोन फटी रुंद निघाल्या, तिथे आतून जाळी शिवून घेणार आहे.

दोन शंका उरल्या आहेत. मोठ्या मास्कमुळे दस्ता गालाला टेकत नाही, त्याला उपाय काय? आणि जुना मास्क घेतल्यास काचेचे आयुष्य कसे ओळखावे?

कृष्णाकाठ (कराड)

दस्त्यासाठी बंदुकीवरची नेम धरायची दूरबीण किंवा लाल ठिपक्याचे उपकरण उंच बैठकीवर बसवा. डोके न वाकवता डोळ्याच्या रेषेत ठिपका आला की गाल टेकवण्याची गरज फारशी उरत नाही.

जुन्या मास्कची चौकट खुशाल घ्या, काच मात्र नवी टाका. आधीच्या मालकाने ती कशाने पुसली हे आपल्याला कळत नाही. पॉलिकार्बोनेटला पेट्रोल, थिनर, ॲसिटोन आणि अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रावण चालत नाही. त्याने खाचांच्या जवळ केसाएवढ्या तडा जातात, ज्या समोरून दिसत नाहीत. काच उजेडासमोर तिरपी धरून पाहावे लागते. नवी काचही एकदा अगदी जवळून मार बसला की बदलावी आणि तसा मार बसला नाही तरी मी वर्षातून एकदा बदलतो.

येत्या रविवारी मी कामानिमित्त साताऱ्यात आहे. माझ्याकडे जास्तीचा पंखा आणि एक उंच बैठक आहे, ती घेऊन येतो. आपण खेळाचा चष्मा आणि तो मोठा मास्क बरोबर ठेवा, म्हणजे पंखा लावून जिन्याच्या फेऱ्या पुन्हा करून बघू.