सोसायटीचा मेलबॉक्स फुल: १३०० रुपये भरून जागा घ्यायची की जुनं उडवायचं?

सचिव_बीविंग:
मंडळी, मत हवं आहे. पुण्यात आमची ८४ सदनिकांची सोसायटी आहे. २०११ पासून सोसायटीच्या नावाचं एकच जीमेल खातं आणि सगळा पत्रव्यवहार त्यावरच. मागच्या महिन्यात शारजाला राहणाऱ्या एका सभासदांनी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, "माझ्या हरकतीच्या पत्राला उत्तर का नाही?" पत्र आलंच नव्हतं. त्यांनी स्क्रीनशॉट पाठवला: समोरच्याचा मेलबॉक्स भरला असल्याने मेल परत. मी खातं उघडून पाहिलं तर शेवटचा आलेला मेल १९ दिवसांपूर्वीचा.

वर जागा संपल्याची पट्टी दिसत होती, मी ती रोज बंद करून पुढे जात होतो. त्या दिवसांत आम्हाला काही पाठवायचं नव्हतं म्हणून मेल जात नाहीत हेही लक्षात आलं नाही. चूक माझीच. पण मला सर्वात लागलं ते हे की त्या १९ दिवसांत कोणाकोणाची पत्रं परत गेली हे आम्हाला कधीच कळणार नाही. परत गेल्याचा निरोप पाठवणाऱ्याला जातो, ज्याचा मेलबॉक्स भरलाय त्याला नाही.

फुकटची मर्यादा १५ जीबी. १०० जीबी घेतले तर वर्षाला १३०० रुपये, म्हणजे घरटी साडेपंधरा. माझं मत घ्यावेत. समितीतले दोघं म्हणतात, दहा वर्षांपूर्वीचं सगळं एका झटक्यात उडवा, पैसे कशाला? सप्टेंबरअखेर वार्षिक सभा, तिच्या नोटिसीला चौदा पूर्ण दिवस हवेत. तेव्हा वेळ फार नाही.

स्वच्छपाटी:
सचिवसाहेब, त्या दोघांच्या बाजूने बोलतो. एका कारखान्याच्या आयटी विभागात अठरा वर्षं मेलबॉक्सच सांभाळले. मर्यादा २ जीबी होती तेव्हा लोक महिन्याला एकदा तरी आवराआवर करायचे. ती १० झाली, मग ५० झाली. ५० जीबी दिल्यावर एकाही माणसाने एकही मेल उडवला नाही, आणि दोन वर्षांत त्यातले निम्मे परत माझ्या टेबलाशी उभे: "जागा वाढवून द्या." मधल्या काळात आउटलुक उघडायला पाच मिनिटं, शोधायला गेलं की हवा तो मेल सापडत नाही, आणि रात्रीचा बॅकअप सकाळी नऊपर्यंत चाललेला.

जीमेल १ एप्रिल २००४ ला १ जीबी घेऊन आलं तेव्हा हॉटमेलवर २ एमबी मिळायचे. तेव्हापासून आपल्याला सवयच लागली की काही काढायचं नाही, शोधलं की मिळतं. आज याहूकडे बघा. २०१३ मध्ये १ टेराबाईट दिलं होतं, २०२५ मध्ये ते २० जीबीवर आणलं. दुसऱ्याने दिलेल्या जागेच्या भरवशावर दप्तर ठेवू नये.

वकीलकाकू:
स्वच्छपाटी, तुमचा अनुभव कारखान्यातल्या माणसांच्या स्वतःच्या मेलबॉक्सचा आहे. सोसायटीचा मेलबॉक्स एका माणसाचा नसतो. तिथे सचिव दर पाच वर्षांनी बदलू शकतो, दप्तर मात्र सोसायटीचंच राहतं.

दहा वर्षांपूर्वीचं सरसकट उडवा म्हणणाऱ्यांना एक विचारते. तुमचं अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन आणि इमारत बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर होणं, झालंय का? नसेल आणि उद्या बिल्डर करून देत नाही म्हणून मानीव अभिहस्तांतरणासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे जायची वेळ आली, तर बिल्डरने २०१२-१३ मध्ये काय काय कबूल केलं होतं ते कुठून काढणार? माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या सोसायट्या इथेच अडतात. कागदी फाइल जुन्या सचिवांच्या माळ्यावर, आणि मेल कोणीतरी "साफ" केलेले.

आणि फक्त प्रिंट काढून ठेवल्याने भागत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंद दाखल करताना प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात फाइलचं हॅश मूल्य येतं, म्हणजे फाइलवरून काढलेला तिच्या ओळखीचा आकडा. मेल कुठून निघाला, कोणत्या सर्व्हरवरून कधी आला, ही माहिती मूळ मेलच्या माथ्याशी असते. प्रिंटमध्ये त्यातलं जवळजवळ काही उतरत नाही.

दिवेघाट:
सचिवदादा, आधी एक सांगा. त्या १५ जीबीत मेल किती आणि बाकीचं किती? ती जागा एकट्या मेलची नाही. मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहे. खात्याच्या स्टोरेजच्या पानावर तिन्हीचे आकडे वेगवेगळे दिसतात.

सचिव_बीविंग:
पाहिलं. मेल ५.१ जीबी, ड्राइव्ह ०.६, फोटो ९.३. फोटो उघडले आणि थक्क झालो. मागच्या सचिवांच्या फोनवर सोसायटीचं खातं चालू होतं आणि फोटोंचा बॅकअपही. नातवाचं बारसं, अष्टविनायकाची सहल, गच्चीवरची पाण्याची टाकी, सगळं एकत्र. १ जून २०२१ पासून असे फोटो जागेत मोजले जातात, आणि नेमका तेव्हापासूनचाच साठा आहे.

स्वच्छपाटी:
मग १३०० कशासाठी भरताय? फोटो काढले की ५.७ जीबी उरतात. चौदा वर्षांचे मेल ५ जीबीत बसलेत, पुढची दहा वर्षं काळजी नाही.

आणि पैसे भरायचेच म्हणत असाल तर कोणाच्या कार्डावरून? सोसायटीकडे कार्ड नसतं, म्हणजे तुमच्या यूपीआयवरून आपोआप कापले जाणार. समिती बदलली, तुम्ही मँडेट बंद केलं, की मेलबॉक्स पुन्हा अडला. मर्यादेच्या वर सलग दोन वर्षं राहिलं तर मजकूर काढून टाकण्याचा अधिकार कंपनीने नियमातच ठेवलाय. आज घेतलेल्या जागेचं ओझं पुढच्या सचिवावर पडणार आहे.

वकीलकाकू:
कार्डाचा मुद्दा खरा आहे, तो मान्य. पण त्यावरून जागाच घेऊ नये असं निघत नाही. वर्षाचे पैसे एकदम भरा, मासिक बैठकीत ठराव करा, खर्च सोसायटीच्या हिशोबात दाखवा आणि नूतनीकरणाची तारीख दप्तर हस्तांतराच्या यादीत लिहा. लिफ्टच्या वार्षिक करारासारखंच हे. लिफ्टचा करार सचिवाच्या खिशातून होत नाही ना?

दिवेघाट:
काकू, मी या बाबतीत स्वच्छपाटींच्या बाजूचा. जागा कशाने भरते ते न बघता वाढवली तर पुन्हा भरतेच. सचिवदादा, तुम्ही सभेचं इतिवृत्त कसं पाठवता?

सचिव_बीविंग:
स्कॅन करून. पीडीएफ साधारण ११ एमबी. बाराबारा सभासदांच्या सात गटांना वेगवेगळं पाठवतो, म्हणजे कोणाचा पत्ता राहत नाही.

दिवेघाट:
तिथेच गळतंय. मेलमधून जाताना फाइल मजकुराच्या रूपात बदलली जाते आणि सुमारे एक तृतीयांशाने फुगते. ११ ची १५ होते. सात गट म्हणजे "पाठवलेले"मध्ये सात प्रती, १०५ एमबी, एका इतिवृत्तासाठी! सगळ्यांना एकाच मेलमध्ये बीसीसीत (जिथे एकाला दुसऱ्याचा पत्ता दिसत नाही) घातलंत तर एकच प्रत राहील. आणि स्कॅन रंगीत करू नका, काळापांढरा केला की २ एमबीच्या आत येतो. शोधखिडकीत इंग्रजीत "लार्जर", कोलन आणि "१०एम" लिहून बघा, १० एमबीवरचे सगळे मेल समोर येतील.

एक जपा. जीमेलमध्ये जोडलेली फाइल तेवढी काढता येत नाही, काढायचा तर अख्खा मेलच जातो. त्यामुळे त्या सात प्रतींपैकी एक ठेवून सहा काढा. पण त्या सहांवरचे पत्तेही जातील, तेव्हा आधी सगळ्याची प्रत उतरवून घ्या.

वकीलकाकू:
नाही! नोटीस आणि इतिवृत्ताच्या पाठवलेल्या प्रती अजिबात काढू नका. कोणाला कधी पाठवलं याचा पुरावा मूळ खात्यात तोच आहे. दोन वर्षांनी कोणी म्हणालं की मला नोटीस मिळाली नाही, तर त्या सातातला नेमका त्याच्या गटाचाच मेल लागेल. १०५ एमबीसाठी एवढी जोखीम घ्यायची? शंभर वेळा पाठवलंत तरी १०० जीबीत ते कुठेच जात नाही. म्हणूनच म्हणते, जागा घ्या.

सचिव_बीविंग:
दोन दिवसांत काय केलं ते लिहितो. मागच्या सचिवांना घरी जाऊन भेटलो. त्यांनी त्यांचे फोटो स्वतःच्या खात्यावर उतरवून घेतले. त्यांना वाईट वाटलं, त्यांना कल्पनाच नव्हती. सोसायटीच्या टाकीचे आणि गळतीचे फोटो मी वेगळे काढले आणि मगच बाकीचे उडवले, कचरापेटीही रिकामी केली. त्यांच्या फोनवरून आपलं खातं काढलं, पासवर्ड बदलला. गुगलच्या टेकआउट या सोयीतून सगळ्या मेलची प्रत उतरवून दोन हार्डडिस्कवर ठेवली, एक कार्यालयात, एक खजिनदारांकडे. मेल एकही उडवला नाही.

आणि १३०० रुपये भरले, ठराव करून. स्वच्छपाटी, आज त्यांची गरज नव्हती हे मला कळतं. पण १९ दिवसांची पत्रं गेली ती गेलीच, आणि नोटीस काढायच्या आधी ती धाकधूक मला पुन्हा नको आहे. फळ्यावर सूचनाही लावली: या तारखांमध्ये ज्यांनी मेल पाठवला असेल त्यांनी कृपया परत पाठवावा.

स्वच्छपाटी:
माझं मत बदललेलं नाही. पुढच्या वर्षी नूतनीकरणाआधी आकडे बघा, ७ जीबीच्या आत असाल तर भरू नका. प्रत उतरवलीत ते मात्र सर्वात चांगलं केलंत. ती उघडून बघा. उतरवलेली फाइल उघडतच नाही हे गरजेच्या दिवशी कळलेली माणसं मी पाहिली आहेत.

खाडीपार:
शारजाचा सभासद मीच. धागा सचिवांनी पाठवला म्हणून आलो. जागेवरून तुमचं काय ठरायचं ते ठरो, आम्हा बाहेर राहणाऱ्यांना फळ्यावरची सूचना दिसत नाही, एवढं लक्षात ठेवा. आमच्यासाठी तो मेलबॉक्स म्हणजेच सोसायटीचं कार्यालय. हरकतीचं पत्र आज सकाळी परत पाठवलंय. पोच व्हॉट्सअ‍ॅपवर नको, मेलवरच द्या, आणि पहिल्या पत्राची तारीख त्यात लिहा.