मदत हवी आहे: पावसाळ्यानंतरची अंगणसफाई, दोन मुलं आणि माझा चढलेला आवाज

नेरूळला सिडकोच्या जुन्या रो-हाउसमध्ये राहतो. मागे जेमतेम दहा बाय पंधरा फुटांचं अंगण. एक शेवगा, एक जास्वंद आणि कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचा देशी बदाम, ज्याची पानं धर्मशाळा असल्यासारखी आमच्याकडेच मुक्कामाला येतात. दसरा-दिवाळीच्या मधल्या रविवारी गवत काढायचं, शेवाळलेल्या फरश्या घासायच्या, कुंड्या हलवायच्या, हे दरवर्षीचं. यंदा म्हटलं मुलांना बरोबर घ्यावं. थोरली नऊ वर्षांची, धाकटा पाच.

थोरलीने परदेशातल्या मुलांचे व्हिडिओ पाहिलेत, लाल-पिवळ्या पानांच्या ढिगात उड्या मारतात ते. "आई, आपल्याकडे अशी पानं कधी पडतात?" म्हटलं, आपली खरी पानगळ माघ-फाल्गुनातली, बदाम तेव्हा लालभडक होतो. आत्ता आपल्याकडे गवताचं राज्य. उत्तर काही पटलं नाही. मी चहा टाकायला आत गेले तेवढ्यात दोघांनी उपटलेलं गवत आणि शेवग्याचा पाला यांचा ढीग रचला आणि धाकट्याने त्यात सूर मारला.

ज्यांच्या दारात शेवगा आहे त्यांना पुढचं सांगायला नको. सुरवंट! मानेवर, दंडावर लाल चट्टे, रडून आकाशपाताळ एक. सासऱ्यांनी चिकटपट्टी हलकेच लावत-उचलत केस काढले, मग साबणाने धुतलं. थोरली तोवर दाताळं घेऊन शांतपणे जास्वंदीला विंचरत होती (आमच्या घरी दाताळ्याला 'राक्षसाचा कंगवा' म्हणतात). काम शून्य. मी ओरडले. सासरे म्हणाले, "तू एकटीनेच कर गं, लवकर होईल." खरं आहे, पण मला नेमकं तेच नकोय.

तर, चॉकलेटची लाच न देता मुलं कामात टिकतील असं तुमच्याकडे काय करता? उडीचा हट्ट पुरवायचा की नाही? आणि या पाल्याचं करायचं काय? आमच्या गल्लीतले एक काका "काडी लावा, मोकळे व्हा" म्हणतात. उघड्यावर कचरा जाळायला हरित लवादाने २०१६ मध्येच बंदी घातली आहे, ५,००० रुपये दंड आहे, हे सांगितलं तर हसले.

खुरपंबहाद्दर:
ताई, आम्ही ठाण्यात, घोडबंदर रोडला. मागे येऊरचा डोंगर, त्यामुळे पहिला नियम असा की वाढलेल्या गवतात आधी मोठ्या माणसाने काठी आपटत फिरायचं. मुलं नंतर, तीही गमबूट घालूनच. कुंडी हाताने उचलायची नाही, काठीने कलंडवायची, खाली विंचू असतो. साप दिसला तर मुलांना घेऊन लांब व्हा आणि वन विभागाला १९२६ वर फोन करा. काम सात ते साडेआठ, बस. त्यानंतर ऑक्टोबरचं ऊन मोठ्यांचंही डोकं फिरवतं, तुमचा आवाज त्यामुळेच चढला असेल :) उडी मारू द्या की! फक्त बदामाची कोरडी पानं, एकेक मूठ झटकून, जुन्या चादरीवर. शेवग्याचा पाला लांब ठेवा.

चाफेकळी:
मुलांना 'मदत कर' म्हटलं की ती पळतात. त्यांना राज्य द्यावं. माझ्या नातवंडांना मी सांगते, जेवढी जागा साफ कराल तेवढ्या जागेत तुमचा किल्ला. मग बघा खुरपी कशी चालतात! आम्ही कचऱ्याचे तीन ढीग करतो, राजगडाच्या तीन माच्या: कोरडी पानं पद्मावती, ओलं गवत सुवेळा, काटक्या संजीवनी. बालेकिल्ला म्हणजे खताचं पिंप. पिंपाला खाली-बाजूला भोकं पाडा. तीन घमेली कोरडं, एक घमेलं ओलं, वर मूठभर माती आणि आंबट ताकाचा शिपका. नुसतं ओलं गवत कोंबू नका, कुजून वास मारतं. आठवड्याला एकदा ढवळायचं, ते काम तुमच्या थोरलीचं. संक्रांतीच्या आसपास खत हाताशी येईल.

मी (धागाकर्ती):
दोघांचेही आभार. काल सकाळी सातला सुरू केलं. सासऱ्यांनी काठी आपटण्याची मोहीम इतकी मनावर घेतली की शेजारी डोकावून गेले. धाकट्याला संजीवनी दिली होती, काटक्या मोजून मोजून लावत होता, एकोणतीसच्या पुढे पुन्हा वीस. थोरलीने सुवेळा अर्ध्यावर सोडून पद्मावतीवर चढाई केली, त्यावरून भांडण झालं, ते मी मिटवलं नाही. चादरीवर दोघांच्या मिळून अकरा उड्या. नऊ वाजेपर्यंत अंगणाचा निम्मा भाग मोकळा झाला, उरलेला निम्मा पुढच्या रविवारी. पिंप भरलंय, ताक मात्र धाकट्याने निम्मं प्यायलं.

आता नवी अडचण. किल्ल्याची जागा थोरलीने बरोबर गटाराच्या झाकणावर आखली आहे आणि मावळे काही हलायला तयार नाहीत. झाकण दिवाळीत उघडावं लागलं तर बुरूज पाडावा लागणार. फळीवर किंवा पाटावर उचलता येईल असा किल्ला कुणी केलाय का? दगड-विटांच्या वजनाने फळी वाकते का? चाफेकळीताई, असाल तर सांगा.